घरचं माणूस धरत नाहीत

मुलीनं चमचा उचलून माइकवाल्यांच्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला नीट टेकवून उभा केला.

"काका, हे काय आहे?"

तो चमचा आहे हे माइकवाल्यांना ठाऊक होतं. तो त्यांच्याच घरातला होता. त्याच्या दांड्याला आलेला बाक त्यांच्याच हातून बरणीचं झाकण उघडताना आला होता, आणि त्यावरून बायकोनं त्यांना दोन दिवस ऐकवलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. शब्द तेवढा सापडत नव्हता. त्यांनी ओठ मिटले, उघडले. डाव्या हाताची बोटं मांडीवर घट्ट मिटली. आणि मग त्यांच्या तोंडून स्वच्छ, भरदार, एकेक अक्षर सुटं असलेल्या आवाजात बाहेर पडलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

मुलगी हसली नाही. समोरच्या माणसाला हसायचं नसतं असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि ती सांगितलेलं सगळं करणारी होती.

"परत एकदा म्हणाल का, काका? मध्ये काकूंचं मशीन वाजलं."

खिडकीशी शिवण घेऊन बसलेल्या बायकोनं मान वर केली नाही. "अगं, तू त्यांना चमचा म्हणायला शिकवायला आलीस की गाड्या सोडायला?"

"हे सुरुवातीचं आहे, काकू. शेवटी दाखवायला लागतं. आधी कसे होते आणि नंतर कसे झाले."

"म्हणजे आधी जितके वाईट दिसतील तितकं बरं," बायको म्हणाली आणि तिनं दोरा दातानं तोडला.

माइकवाले उभी हयात बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून घोषणा करत आले होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा सुटेल, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे. शहरात त्यांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता. नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. चालक, वाहक, हमाल सगळे माइकवालेच म्हणत. मग एका सकाळी त्यांना झटका आला. झटक्यानं उजवा हात नेला आणि घरात वापरायचे सगळे शब्द नेले. माइकवर वापरायचे तेवढे ठेवले. जे जिभेला रोजचं झालेलं असतं ते डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्याला एक शास्त्रीय नाव असल्याचंही त्यांनी सांगितलं. बायकोनं त्याला थट्टा असं नाव दिलं होतं. नवऱ्याला पाणी मागता येत नव्हतं, पण फलाटावरची गाडी सोडता येत होती.

चमचा घेऊन बसलेली मुलगी त्यांची नव्हती. त्यांची मुलगी त्या वेळी ह्या मुलीच्या घरी, ह्या मुलीच्या आजीपाशी बसलेली होती. हा उलटा संसार कसा मांडला गेला, त्याची गंमत सांगायला हवी.

माइकवाल्यांच्या मुलीला ते लहानपणापासून भिंगरी म्हणत. ती एका जागी कधी बसलीच नाही. जेवताना उभी, अभ्यास करताना उभी, झोपेतसुद्धा पांघरुणाच्या चार कोपऱ्यांत फिरून यायची. झटक्यानंतर मात्र ती बसायला शिकली. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, बुटकं स्टूल ओढायचं आणि बाबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. डॉक्टरांनी सांगितलेले सराव ती त्यांच्याकडून करून घ्यायची. तिच्यात एवढा धीर कुठून आला, ते तिच्या आईलाही कळलं नाही.

"बाबा, एक गंमत सांगू? शब्द अडकला की तुमची बोटं मिटतात," तिनं एकदा शोध लावल्यासारखं सांगितलं. "आणि यायचा असला की आपोआप उघडतात. मला तुमच्या तोंडाकडे बघायची गरजच नाही."

तेव्हापासून ती त्यांच्या हाताकडे बघत बसे. शब्द पुरवत नसे, मान डोलवून घाई करत नसे. बोटं उघडेपर्यंत थांबे. तशानं माइकवाल्यांना हो आला, नको आला, आणि एका संध्याकाळी पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी तहान नसताना तीनदा पाणी मागितलं. तिनं तिन्ही वेळा उठून आणून दिलं.

शाळेत पदकाचा एक उपक्रम आधीपासूनच चालू होता. गुण म्हणजे सगळं नव्हे, माणूस घडला पाहिजे, असं उपक्रमाच्या बाईंनी पालकांना सांगितलं. एक खेळ, एक कौशल्य, एक डोंगरातली मोहीम आणि समाजाची सेवा. ठरलेले तास भरले की आधी कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण. माणूस घडल्याचेही तास भरावे लागतात हे माइकवाल्यांना नवीन होतं, पण त्यांना कोण विचारतंय. भिंगरीनं कांस्य झटक्याच्या आधीच घेतलं होतं. रौप्यासाठी ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, मी रोज संध्याकाळी माझ्या बाबांना बोलायला शिकवते, ती माझी सेवा.

ती परत आली ती पाय आपटत.

"घरचं माणूस धरत नाहीत," ती म्हणाली. "बाई म्हणतात, ती सेवा नव्हे, ते कर्तव्य. कर्तव्याचे तास नसतात."

"बरोबरच आहे," आई म्हणाली.

"काय बरोबर आहे? एवीतेवी मी रोज करते आहे. वर्गात कुणी एवढं करत नाही. झाडांना पाणी घालणाऱ्यांचे तास भरले, आणि माझे शून्य."

"मग काय, बाबांना दत्तक देतेस का कुणाला?"

आईनं हे सहज म्हटलं होतं. तिच्या तोंडाला तशी धारच होती. पण भिंगरी जी थबकली ती तशीच उभी राहिली, आणि माइकवाल्यांना त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं की आता काहीतरी होणार. दुसऱ्या दिवशी तिनं आणि वर्गातल्या एका मैत्रिणीनं देवाणघेवाण पक्की केली. मैत्रिणीची आजी हिनं घ्यायची, हिचे बाबा मैत्रिणीनं घ्यायचे. दोघींची सेवा परक्यांची झाली. बाईंनी खुशीनं मान्यता दिली आणि दोघींच्या कल्पकतेचं कौतुक केलं.

म्हणून दर शनिवारी दुपारी ही मुलगी येई. माइकवाले तिला मनातल्या मनात तासवाली म्हणत. मनातल्या मनात त्यांचं सगळं बोलणं पूर्वीसारखंच चाले, जरा जास्तच तिखट झालं होतं. तासवाली वाईट नव्हती. वेळेवर येई, चपला नीट काढी, काकूंना नमस्कार करी. वेळ संपली की मोबाइल वाजे, आणि माइकवाल्यांचा शब्द ओठांपर्यंत आलेला असला तरी ती उठून उभी राही.

"आमची आजी काय बोलते हो, काका," ती एकदा निघताना म्हणाली. "सुरू झाली की थांबतच नाही. तुमची मुलगी बिचारी ऐकत बसते. मी तर हात टेकले होते."

माइकवाल्यांना त्या आजीचा हेवा वाटला. साधासुधा नाही, चांगला पोटातून वाटला.

शनिवार गेला तर गेला, बाकीचे वार आपले आहेत, असं त्यांना आधी वाटलं होतं. पण तासवाली सांगितलेलं सगळं करणारी होती. तिनं भिंगरीला बजावलं की काकांबरोबर दुसऱ्या कुणी सराव करायचा नाही. दोघींनी शिकवलं तर प्रगती कुणामुळे झाली ते कसं कळणार? बाई विचारतील तर काय सांगणार? भिंगरीला ते पटलं. मैत्रिणीचं बिघडलं असतं तर आपलंही बिघडलं असतं, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. शिवाय तिला पोहायला जायचं असे, मोहिमेसाठी पाठीवर ओझं घेऊन जिने चढायचे असत. बुटक्या स्टुलावर आईनं दुरुस्तीला आलेले कपडे ठेवायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी माइकवाल्यांनी डाव्या हातानं ते कपडे एकेक करून खाली काढले. वेळ लागला. शेवटचा कोट जड होता, तो त्यांनी ओढून पाडला. मग ते स्टुलाकडे बघत बसले. भिंगरी आली तेव्हा तिच्या केसांतून तलावाचं पाणी गळत होतं. तिनं स्टूल बघितलं, खालचे कपडे बघितले आणि तिला कळलं.

"बाबा, असं नका ना करू."

त्यांनी ओठ मिटले. भ साठी ओठ मिटावे लागतात. बोटं मांडीवर गोळा झाली.

"आत्ता नको," तिनं घाईनं हात वर केला. "आत्ता आलं तर वाया जाईल. शनिवारी बोला. तिच्यासमोर."

माइकवाल्यांचे ओठ तसेच राहिले. ती खाली वाकून कपडे उचलायला लागली, आणि वाकल्या वाकल्या तिला जरा वाईट वाटलं असावं. ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हे बघा. तिला तुमच्याकडून एक अख्खं वाक्य बोलून घ्यायचंय. समारंभात, सगळ्यांसमोर. ते एकदा झालं ना, की सुटलो आपण. मग परत पूर्वीसारखं बसू. रोज. नक्की."

"हो," माइकवाले म्हणाले. हा शब्द तिचाच होता.

त्या शनिवारपासून तासवालीला आपल्या काकांचा बदल कळेना. ती यायच्या आधीच ते खुर्चीत ताठ बसलेले असत. वाक्य तिनं स्वतः तयार केलं होतं. आपण माझ्यासाठी वेळ काढलात. मी आपला आभारी आहे. माइकवाल्यांच्या मते वाक्य दळभद्री होतं. आभारी वर जीभ घसरायला जागा होती आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. स्थानकावर असलं वाक्य त्यांनी कधी चालू दिलं नसतं. पण त्यांना ते वाक्य नको होतं, त्याच्या पलीकडचं स्टूल हवं होतं. तासवालीनं वाक्याचे तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यानंतर श्वास, दुसऱ्याच्या आधी डावा हात छातीवर. माइकवाले घामाघूम होत. मध्येच गाड्या सुटत. प्रवाशांनी कृपया, प्रवाशांनी कृपया, आणि ते स्वतःच्याच मांडीवर मूठ आपटत. तरी परत पहिल्यापासून.

"केवढी जिद्द आहे काकांची," तासवाली काकूंना म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही ती," काकू म्हणाली. पण मशीन चालू होतं, मुलीला ऐकू गेलं नाही.

दुसरा एक सराव माइकवाले चोरून करत. सकाळी न्हाणीघराचं दार लोटून घ्यायचं, नळ सोडायचा, आरशासमोर उभं राहायचं. त्या शब्दाचे तुकडे कुणी पाडून दिले नव्हते. आधी नुसता भ. तो कितीतरी दिवस नुसत्या हवेसारखा निघायचा. मग भिं. मग पुढचं सगळं गळून जायचं आणि बाहेर फलाट क्रमांक यायचा. नळाचं पाणी वाहत राही, बायको बाहेरून दार वाजवी. पण समारंभाला आठवडा राहिला असेल नसेल, तेव्हा एका सकाळी आरशातल्या त्या वाकड्या तोंडाच्या माणसानं सरळ म्हटलं, "भिंगरी." परत म्हटलं. मग बोटं उघडी ठेवून, अगदी सहज, जिन्यावरून हाक मारतात तसं म्हटलं.

ते बाहेर आले तेव्हा बायको दारातच टॉवेल घेऊन उभी होती. तिचे डोळे ओले दिसत होते. तिनं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजच सांगा की तिला."

"नको," माइकवाले म्हणाले. त्यांना ते वाया घालवायचं नव्हतं. ती परत स्टुलावर येऊन बसेल, गुडघ्याला गुडघा लावेल, त्या पहिल्या संध्याकाळसाठी त्यांनी ते ठेवून दिलं.

समारंभाच्या दिवशी भिंगरीनं स्वतः त्यांना कपडे घातले. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण लावताना ती इतकी जवळ होती की तिच्या केसांतला तलावाचा वास त्यांना आला. ओठ आपोआप मिटले. उद्या, त्यांनी स्वतःला समजावलं. आजचं एक उरकू दे.

शाळेचं सभागृह भरलं होतं. पदकवाली मुलं पुढच्या रांगेत, पालक मागे, आणि सेवेचे मानकरी, म्हणजे ज्यांची सेवा झाली होती ते, बाजूच्या खुर्च्यांवर. माइकवाल्यांशेजारी तासवालीची आजी होती. तिनं बसल्याबरोबर आपल्या दोन्ही सुनांची कुंडली मांडायला सुरुवात केली आणि दिवे मंद झाले तरी तिचं संपलं नव्हतं. बायकोनं मागच्या खुर्चीवरून माइकवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

सुरुवातीला पडद्यावर 'आधी कसे होते' ते दाखवलं. माइकवाल्यांचा चेहरा भिंतीएवढा झाला. ओघळलेला गाल, ओठाच्या कोपऱ्यातली थुंकी, समोर नाचणारा चमचा. हे काय आहे, काका? आणि मग त्यांचा तो आवाज, साऱ्या शहराला पाठ असलेला, सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून आला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. मागून कुणीतरी हसून फुटलं. एक हसला की सभागृह हसतं. माइकवाल्यांनी पुढच्या रांगेत बघितलं. भिंगरी हसत होती. तोंडावर हात नव्हता, खाली मान नव्हती. शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून, मोकळेपणानं, जसं आपल्याला ज्याचं काही नसतं त्याला हसतात, तशी हसत होती.

मग तिलाच बोलायला बोलावलं. ती मंचावर छान उभी राहिली. आवाजाची फेक बापाची होती.

"आजींना कधी कधी एखादा शब्द सापडत नाही," ती म्हणाली. "तेव्हा त्यांच्या हाताची बोटं मिटतात. आधी मी घाई करायचे. मग मला कळलं की आपण शब्द पुरवायचा नसतो. त्यांच्या हाताकडे बघत थांबायचं. बोटं उघडली की शब्द येतो. आजींनी मला थांबायला शिकवलं."

टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे टिपले. आजी माइकवाल्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "हे कधी झालं हो? मला तर सगळे शब्द येतात." खांद्यावरचा बायकोचा हात जड झाला.

माइकवाल्यांना राग यायला हवा होता. राग आला नाही. आपला हात कुणीतरी कापून दुसऱ्याला लावला आहे आणि तो तिथेही चांगला शोभतो आहे, असं काहीतरी वाटलं. त्यांनी मांडीवरच्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं. थोडंच राहिलंय, ते मनात म्हणाले. ती पोर आहे, पदकासाठी बोलली. वाक्य म्हणायचं आणि घरी जायचं.

तासवालीनं त्यांना धरून मंचावर नेलं. समोर माइक होता. इतक्या महिन्यांनी माइक, आणि घशात सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहिल्या. फलाट क्रमांक, फलाट क्रमांक. बोटं आवळली गेली. पुढच्या रांगेत भिंगरी खुर्चीच्या टोकावर आली होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटं सुटली.

"आपण माझ्यासाठी वेळ काढलात," माइकवाले म्हणाले. श्वास. हात छातीवर. "मी आपला आभारी आहे."

सभागृह उभं राहिलं. तासवाली रडली. भिंगरी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती, आणि माइकवाल्यांना त्या सगळ्या माणसांवर एकाएकी माया आली, हसणाऱ्यांवरसुद्धा. झालं होतं. सुटले होते.

बाईंनी माइक हातात घेतला.

"आपण आत्ता जे पाहिलं त्यानंतर मी काय बोलणार," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते. एका वाक्यावर ही गोष्ट थांबू नये, असं आम्हाला वाटलं. या दोन्ही मुलींनी सुवर्णासाठी हीच सेवा, याच घरांत, पुढे चालू ठेवायचं ठरवलं आहे. गेल्याच महिन्यात त्यांनी तशी तयारी दाखवली. सुवर्णाचे तास दुप्पट असतात, पण मला खात्री आहे."

परत टाळ्या. दोघी मैत्रिणींनी एकमेकींना मिठी मारली. मंचावर उभ्या असलेल्या माइकवाल्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं कुणाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

गेल्याच महिन्यात. परतीच्या रिक्षात त्यांच्या मनात तेवढंच चालू होतं. गेल्या महिन्यात ते आरशासमोर भिं पर्यंत पोचले होते.

घरी आल्यावर बायको कपडे न बदलता मशीनवर जाऊन बसली आणि कुणाच्या तरी पँटची दुमड घालायला लागली. भिंगरी मात्र तरंगत होती. तिनं स्टुलावरचे कपडे दोन्ही हातांनी उचलून पलंगावर टाकले, स्टूल ओढलं आणि बाबांसमोर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गुडघ्याला गुडघा लागला. गळ्यातलं पदक पुढे आलं होतं, ते नाडीत अडकत होतं.

"काय बोललात बाबा तुम्ही. माझ्या अंगावर काटा आला," ती म्हणाली. "रागावला नाहीत ना? सुवर्णाचं मी सांगणारच होते. पुढच्या प्रवेशाला सुवर्ण असलं की बघायलाच नको. आणि तुम्हाला तिची सवयही झालीय आता."

माइकवाले तिच्याकडे बघत होते. कपाळावरचे केस, हनुवटीवरची लहानपणची खोक. एका जागी बसलेली त्यांची भिंगरी.

बुटांचं आटपून तिनं वर पाहिलं. ती अचानक लहान दिसली.

"बाबा," ती म्हणाली. "मलाही काहीतरी म्हणा ना. एकदाच. मोजायचं नाही कुठे. भिंगरी म्हणून बघा. मी थांबते."

ती खरंच थांबली. मशीन बंद झालं. बायकोनं मान वर केली होती, तिचा हात चाकावर तसाच होता.

माइकवाल्यांचे ओठ मिटले. शब्द तिथेच होता, न्हाणीघरातून आणलेला, अख्खा, न अडखळता. त्यांनी तो थोडा वेळ तोंडात ठेवला. मग ओठ उघडले, पाठ ताठ केली, डावा हात उचलून छातीवर ठेवला, आणि आपल्या मुलीच्या डोळ्यांत बघत स्थानकावरच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "आपण माझ्यासाठी वेळ काढलात. मी आपला आभारी आहे."

भिंगरी हसली.

"आई, बाबांची टेप अडकली बघ," ती म्हणाली.

हसू तोंडावर ठेवूनच मुलीनं सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो आता छातीवरून उतरून मांडीवर आला होता. बोटं उघडी होती.